सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९६ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. मे महिन्यात शेवटची चालवली, मग पावसाळाभर घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. दसऱ्याला पूजेआधी चालू करायला गेलो तर बॅटरी मेलेली. नवी टाकली. आता सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन काही स्टार्ट होत नाही. एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर नवा टाका, दुसरा म्हणतो कॉइल गेली. आधी काय बदलू?

आधी काहीच बदलू नका. दोघांपैकी एखादा बरोबर असेलही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दोघांनीही प्लग काढून पाहिलेला दिसत नाही. प्लग न काढता कार्बोरेटरचा निकाल देणारा माणूस माझ्या गॅरेजात असता तर त्याला मी आठवडाभर पंक्चर काढायला बसवलं असतं.

पेट्रोल इंजिनाला चालू व्हायला हवेत मिसळलेलं पेट्रोल लागतं (ते मिसळतो कार्बोरेटर), वेळेवर पडणारी ठिणगी लागते (तिच्यासाठी बॅटरीचा करंट जोरदार करते कॉइल), सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो आणि इंजिन फिरवायला सेल्फ लागतो. तुमचा सेल्फ फिरतो, म्हणजे त्याचा विषय संपला. उरल्या तीन गोष्टी. त्यातली कुठली गायब आहे हे शोधायला प्लगपाना, एक जास्तीचा प्लग, दहा-वीस रुपयांच्या बल्बचा टेस्ट लॅम्प आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. ज्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, तिथे अंदाज बांधण्याची गरजच नसते. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं.

पण त्याआधी पुन्हा सेल्फ मारू नका. पाच महिने कोकणच्या पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट उघडल्यावर मी पहिल्यांदा उंदीर शोधतो. एअर फिल्टरचा डबा उघडा. त्यात कापूस, सुतळी, नारळाचा काथ्या असलं काही सापडलं तर नवल नाही. इंजिनाला हवाच मिळत नसेल तर बाकीची तपासणी कशाला? मग वायरींवरून हात फिरवा, विशेषतः बॅटरीच्या खाली आणि डॅशबोर्डाकडे जाणाऱ्या जुडग्यावरून. कुरतडलेली वायर डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर लागते. सायलेन्सरच्या तोंडातही बघा. कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला कुठलीही नळी चालवून घेते आणि ते मातीचं बूच सुकलं की दगडासारखं होतं.

दुसरं, ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा फाटून पेट्रोल ऑइलात उतरतंय. तसं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवूच नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात.

आता प्लग काढा, तिन्ही. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते ओळीने फडक्यावर मांडून ठेवा. हे तीन प्लग तुम्हाला दोन्ही मेकॅनिकपेक्षा जास्त सांगतील. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल आत पोचतच नाहीये, आणि मग कॉइल बदलून काही होणार नाही. टोक ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे बहुधा ठिणगीचा प्रश्न. एक प्लग ओला आणि दोन कोरडे, असं काही विचित्र दिसलं तर तेही लिहून ठेवा.

प्लग बाहेर आहेतच, तर प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा. यामागचं कारण फारसं कुणी सांगत नाही. गाडी स्टार्ट होत नाही म्हणून माणूस चिडून पंधरा-वीस वेळा सेल्फ मारतो. दर वेळी पेट्रोल आत जातं, पेटत नाही, आणि सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन टाकतं. तीच साय पिस्टनच्या रिंगांना दाब धरायला मदत करत असते. ती गेली की दाब पडतो, आणि मूळ दोष दुरुस्त केल्यावरही इंजिन स्टार्ट होत नाही. मग लोकांना वाटतं इंजिनच बसलं. चमचाभर ऑइलने हा तिढा सुटतो. ऑइल सोडल्यावर भोकांवर फडकं धरून आधी इंजिन हाताने फिरवून बघा, गाडी चौथ्या गिअरला टाकून जरा पुढे-मागे ढकलली तरी चालतं. सहज फिरलं की मग कॉइलच्या पॉझिटिव्हची वायर काढून ठेवून, म्हणजे ठिणगी पडणार नाही, चार-पाच सेकंद सेल्फ. फडकं लागतंच, नाहीतर ऑइलची पिचकारी थेट तोंडावर.

ठिणगी बघण्याची पद्धत जुनीच आहे. जास्तीचा प्लग एका एचटी वायरला, म्हणजे प्लगपर्यंत येणाऱ्या जाड वायरीला लावायचा, त्याची लोखंडी बाजू इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या भागाला घट्ट टेकवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. प्लग हातात धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. आणि हे करताना सिलिंडरचे प्लग जागेवर बसवलेले हवेत. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तुम्ही तिच्याशेजारी ठिणगी पाडताय, हे विसरू नका. ठिणगी निळी-पांढरी, जाड आणि टकटक आवाज करणारी असेल तर बरी. पिवळट, बारीक, केसासारखी असेल तर ती उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली पडत नाही. हा मोठा फसवा प्रकार आहे. "स्पार्क आहे की" म्हणून लोक पुढे जातात आणि दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतात.

ठिणगी नाही किंवा पिवळी आहे असं धरून चालू, कारण तुमचं गाव आणि तुमचा महिना बघता माझा पहिला संशय तिथेच आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे कॉइलची ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा डबा, त्याची कॅप काढा. आतून ओलसर आहे का? कोकणात आणि महाबळेश्वरकडे अर्धे रोगी इथेच बरे होतात: कॅप कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली, तासभर उन्हात ठेवली, काम झालं. ती बाहेर असतानाच आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का बघा. दिसली तर करंट त्या रेघेवरून पळतोय, प्लगपर्यंत जातच नाही. ती रेघ घासून जात नाही, कॅप बदलायची. मधोमध कार्बनचं छोटं टोक असतं, ते स्प्रिंगवर खालीवर होतं की अडकलंय, तेही बघा.

कॅप काढलेली असतानाच दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगा आणि रोटर, म्हणजे कॅपखालचा फिरता तुकडा, फिरतो का ते पाहा. मारुती ८००च्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो, पेट्रोलचा पंपही कॅमशाफ्टच चालवतो, आणि कॅमशाफ्टला फिरवतो टायमिंग बेल्ट. म्हणजे बेल्ट तुटला की ठिणगी, पेट्रोल आणि दाब तिन्ही एकदम जातात. कार्बोरेटर, कॉइल आणि इंजिन तिन्ही एकाच दिवशी खराब झालंय असं कुणी सांगितलं, की रोटर बघायचा. बेल्ट तुटलेल्या गाडीचा सेल्फही वेगळा वाजतो. नेहमीचं घरंगळत, अडखळत "घुर्र-घुर्र-घुर्र" जाऊन सरळ "घूंऽऽ" असा पंख्यासारखा आवाज येतो, कारण दाब देणारं काही उरलेलंच नसतं. तुम्ही "झकास फिरतो" लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय. झकास म्हणजे नेमकं कसं, ते कान देऊन ऐका.

रोटर फिरतोय, कॅप कोरडी, तरी ठिणगी नाही. आता रोटरखाली बघा. तुमच्या गाडीत पॉइंट असतील तर माझा रुपया त्यांच्यावर. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके, एकमेकांना टेकतात आणि उघडतात. ते उघडले की कॉइलमधला करंट तुटतो आणि ठिणगी पडते. पाच महिने दमट हवेत टेकून किंवा उघडे बसले की त्यांच्यावर राखाडी पातळ थर चढतो. टेकलेले दिसतात, पण आतून करंट जात नाही. बारीक घासकागदाची पट्टी मधे घालून दोन-तीनदा ओढा, मग साधा स्वच्छ कागद घालून एकदा ओढा म्हणजे धूळ निघेल. बोट लावू नका, बोटाचं तेलही थर धरतं. फट पूर्ण उघड्या अवस्थेत साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर वेळ मारून नेता येते, मी सुरुवातीची काही वर्षं तेच केलं.

पॉइंट नाहीतच आणि त्या जागी त्यांचंच काम करणारं एक चुंबकी पिकअप आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल दिसतं, असंही होऊ शकतं. इतक्या जुन्या गाडीत मधे कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. तसं असेल तर घासकागद ठेवून द्या, कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा, आणि एचटी वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, मॉड्यूल जळायची भीती असते.

कॉइलपर्यंत करंट येतो का हे टेस्ट लॅम्पने कळतं. चावी ऑन, लॅम्पचं एक टोक इंजिनाला, दुसरं कॉइलच्या पॉझिटिव्हला: पेटला पाहिजे. नाही पेटला तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा उंदीर. पेटला, तर टोक कॉइलच्या निगेटिव्हला लावा आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट काम करताहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा थर चढलाय. सतत विझलेला राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. एवढं सगळं नीट, लॅम्प लुकलुकतोय, आणि तरी कॉइलच्या मधल्या जाड वायरीतून ठिणगी नाही, तेव्हा म्हणा कॉइल गेली. तिथेही आधी कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली छोटी डबी, बदलून पाहा. तो स्वस्त असतो, आणि तो गेला की ठिणगी पिवळी पडते आणि पॉइंट जळून खड्डे पडतात.

यात एक खोडी वेगळी असते. चावी ऑनला लॅम्प पेटतो, पण सेल्फ मारायच्या जागी चावी नेली की विझतो. इंजिन फिरताना ठिणगीच नाही, आणि चावी सोडताना मात्र एकदा "फट" करून स्टार्ट व्हायला बघतं. तुमच्या गाडीला अशी सवय लागलेली असेल तर चावीचा स्विच झिजलाय, बाकी काही नाही.

आता माझी स्वतःची फजिती, कारण तुमच्या दोन मेकॅनिकांना मी फारच नावं ठेवली. धंद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एक जुनी टॅक्सी आली होती. कधी स्टार्ट व्हायची, कधी नाही. मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग, एचटी वायरी, पॉइंट सगळं बदललं. दर वेळी एक दिवस चालायची आणि परत यायची. शेवटी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डिस्ट्रिब्युटरच्या आतली बोटभर लांबीची बारीक वायर चिमटीत धरून ओढली, ती रबरासारखी ताणली गेली. वरचं कव्हर शाबूत, आतली तार तुटलेली. पॉइंटची प्लेट जरा हलली की तार जुळायची, जरा हलली की सुटायची. मालकाकडून बदललेल्या सामानाचे पैसे घेताना मान वर झाली नाही. तेव्हापासून त्या वायरीला मी प्रत्येक गाडीत ओढून बघतो. तुम्हीही बघा.

एचटी वायरी कुणी काढून परत लावल्या असतील तर क्रम तपासा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२, आणि एक नंबर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर. तीन वायरी सहा प्रकारे लावता येतात, त्यातला एकच बरोबर. दोन मेकॅनिक येऊन गेलेत, त्यामुळे ही शंका मी सोडणार नाही. आणि वायरी जुन्या असतील तर रात्री अंगणातला दिवा घालवून बोनेट उघडा आणि सेल्फ मारायला सांगा. करंट गळत असेल तर वायरींवरून निळ्या मुंग्या पळताना दिसतील.

प्लग कोरडे निघाले, तर वरचं बहुतेक सगळं तुम्हाला लागू नाही. मग पेट्रोलच्या मागे लागा. एअर फिल्टरची नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) एकदम उघडा. चावी बंद, जवळ बिडी-सिगारेट नाही. पिचकारीसारखी पेट्रोलची धार दिसली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. काहीच दिसलं नाही तर वाटी बहुधा कोरडी. हीच तपासणी करताना चोकची, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडपही बघा. डॅशबोर्डावरची कळ पूर्ण ओढल्यावर झडप पूर्ण मिटली पाहिजे. केबलचं वरचं कव्हर क्लिपमधून सुटलं की कळ बाहेर येते, झडप मात्र जागची हलत नाही, आणि थंडीत गाडी स्टार्ट होत नाही.

वाटी कोरडी असेल तर पंपाकडून येणारी नळी कार्बोरेटरवरून काढून काचेच्या बाटलीत सोडा, कॉइलच्या पॉझिटिव्हची वायर काढा आणि दहा सेकंद सेल्फ. धार ठोक्याठोक्याने यायला हवी. गॅरेजात या पंपाला एसी पंप म्हणतात, थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे कुणी "एसी पंप गेला" म्हटलं तर "आमच्या गाडीत एसीच नाही" असं सांगू नका. धार आली आणि वाटी मात्र कोरडी, म्हणजे फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) चिकटून बंद झालीय. वाटीच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चार-पाच हलक्या टिचक्या मारा, पुष्कळदा एवढ्याने सुटते. उलट नीडल उघडी राहून चिकटली तर पेट्रोल उतू जातं, प्लग ओलेचिंब होतात आणि ठिणगी असूनही इंजिन बुडतं. अशा वेळी चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरून ठेवायचा, पंप करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ.

धारच आली नाही तर दोष पंपात की मागे टाकीकडे, हे ठरवायला पंपाच्या आत येणाऱ्या नळीचं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. आता धार आली तर पंप बरा, टाकी ते पंप या वाटेत काहीतरी आहे: तुंबलेला फिल्टर, भेगा पडून हवा ओढणारी रबरी नळी, किंवा टाकीत हवा जायची बारीक वाट बंद. शेवटच्यासाठी टाकीचं झाकण उघडून परत करून बघायचं, फुकटची तपासणी आहे. पेट्रोलचा काटा पाव दाखवतोय म्हणून टाकीत पाव पेट्रोल आहे असंही धरू नका. तीस वर्षांचा काटा आहे तो.

त्या बाटलीतलं पेट्रोल फेकू नका. सावलीत स्थिर ठेवा आणि तासाभराने उजेडात धरा. इथे जुन्या गाडीवाल्यांनी थोडं लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे २०२२च्या मध्यापर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, २०२३च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी रोज चालत असेल तर टाकी रिकामी होत राहते, काही बिघडत नाही. पण मे ते ऑक्टोबर चिपळूणच्या हवेत अर्धी टाकी उभी राहिली, की पाणी वाढत जातं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारी नळी कुठून ओढते? तळाशीच. बाटलीत खाली वेगळा थर दिसला, की टाकी रिकामी करून धुणं एवढाच उपाय. वरून ताजं पेट्रोल ओतून काही साधत नाही. शिवाय १९९६ सालच्या पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरची रबरं अशा पेट्रोलसाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. नळ्या आणि पडदा एकदा नवीन पेट्रोलला चालणाऱ्या मालाचे टाकून घ्या. नवा कार्बोरेटर घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. आगीचा धोकाही टळतो, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

पेट्रोल पोचतंय, ठिणगी निळी आहे, आणि तरी इंजिन फक्त चोकवर दोन-तीन सेकंद चालून बंद पडतं, असं झालं तर पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं पितळी बारीक भोक, तुंबलाय. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे गुळाच्या पाकासारखा चिकट थर राहतो. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब एवढंच वापरा. ज्या कार्बोरेटरवर वायर जोडलेला छोटा सॉलिनॉइड (करंटवर उघडणारी चुंबकी झडप) असतो, तिथे चावी ऑन केल्यावर "टिक" असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आयडलिंगचं पेट्रोलच बंद राहतं, आणि जेट कितीही साफ करा, उपयोग नाही.

दाब तपासण्याची वेळ शक्यतो येऊ नये. भोकावर अंगठा दाबून धरल्यावर सेल्फने अंगठा उडवला पाहिजे. मीटरने मोजताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास असणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं. एखादा बराच कमी असेल तर चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

तुमचा सेल्फ फिरतो, म्हणून बॅटरीचा विषय मी टाळणार होतो. पण हे वाचून दुसऱ्या कुणाची गाडी "टक" करून गप्प बसत असेल, म्हणून थोडं. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे मेल्यासारखे मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे जसेच्या तसे आणि आवाज काहीच नाही, तर चावीकडून सेल्फच्या सॉलिनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत) करंट जात नाही. एकच "टक" आणि दिवे जरासे मंद, तर सेल्फचे कार्बन ब्रश किंवा सॉलिनॉइडचे कॉन्टॅक्ट. पान्याच्या दांड्याने सेल्फला दोन ठोके मारल्यावर चालू होतो तो हाच आजार, पण ठोके हे औषध नाही, गॅरेजपर्यंत पोचायचं भाडं आहे. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते म्हणून चांगली समजू नका. सेल्फ मारताना मीटर बघा, साडेनऊच्या खाली जात असेल तर ती ओझं उचलत नाही. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर धक्का मारूनही गाडी चालू होत नाही, कारण ठिणगीला आणि अल्टरनेटरला जागं करायलाही थोडा करंट लागतोच.

आणि अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिन-गिअरबॉक्सला जाणारी पट्टी गंजली की करंट परतायला दुसरी वाट शोधतो. एका जीपमध्ये ती वाट अ‍ॅक्सिलरेटरची केबल होती. मालक म्हणायचा, सेल्फ मारला की पायापाशी धूर येतो. सगळ्यांना वाटायचं वायरिंग जळतंय. अशा वेळी जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. फरक पडला तर पट्टी बदला, विषय मिटला.

हे मी तुम्हाला सांगतोय त्याला एक कारण आहे. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कितीतरी गाड्या कुंभार्ली घाट चढून इकडे कराडकडे आल्या. त्यातल्या काही लगेच बऱ्या झाल्या, आणि वर्ष-दोन वर्षांनी एकेक कनेक्टर, एकेक अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडून परत आल्या. तुमच्या वडिलांची गाडी तेव्हा पाण्यात होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आधी फ्यूज बॉक्स आणि कॉइलकडे जाणारे कनेक्टर एकेक करून उघडा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा. आणि कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून स्टार्ट करायचा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. इंजिनाने उलटी ठिणगी टाकली की ज्वाळा सरळ वर येते. त्यात भुवया गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

तेव्हा आज संध्याकाळी चार गोष्टी बघून कळवा. तिन्ही प्लग ओले की कोरडे, ठिणगी निळी की पिवळी, कॅप काढल्यावर रोटर फिरतो की नाही, आणि गाडी पुरात होती का. प्लग ओले आणि ठिणगी पिवळी असेल तर घासकागदाची पट्टी तयार ठेवा. कोरडे असतील तर बाटलीतलं पेट्रोल रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी तळाशी काय बसलंय ते बघून पुढचं बोलू.